कडू लागलं का?

सर पहिल्या भेटीत कुणाला नाव विचारायचे नाहीत, गाव विचारायचे नाहीत. शर्टाच्या खिशातून प्लास्टिकची पुडी काढायचे, पुडीतून बोटाच्या पेराएवढा पांढरा कागद काढायचे आणि म्हणायचे, "जिभेवर ठेवा." समोरचा माणूस गोंधळून ठेवायचा. मग सर त्याच्या तोंडाकडे नाही, त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघत विचारायचे, "कडू लागलं का?"

कुणी तोंड वाकडं करून मोरीकडे धावायचं. कुणी म्हणायचं, "साधा कागद आहे की हो!" दोघंही खरं बोलत असायचे. त्या कागदाला एक औषध लावलेलं असतं, कॉलेजच्या प्रयोगशाळांत ते मिळतं. आईबापांकडून ती चव ओळखणारी जीभ आली असेल तर कागद कडूजहर, नसेल आली तर कोरा. सर धुळ्यात कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे आणि आनुवंशिकता हा त्यांचा लाडका धडा. नोकरी संपली, कागद संपले नाहीत. एसटीत, दवाखान्याच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत, जिथे माणूस दिसेल तिथे पुडी बाहेर. एका लग्नात नवरदेवाच्या काकांना वाटलं, हा म्हातारा गुंगीचं काहीतरी वाटतोय. त्यांनी सरांची गचांडीच धरली. सरांनी ती सुटेपर्यंत शांतपणे वाट बघितली आणि मग विचारलं, "पण लागलं का?"

स्वतः सरांना तो कागद कडू लागायचाच नाही. हे मला फार उशिरा कळलं. "मला काही लागत नाही, म्हणून तर विचारतो," ते म्हणाले. "तुझी जीभ तुझ्या तोंडात. तिच्यावर काय चाललंय ते मला बाहेरून कसं कळणार? विचारावंच लागतं." मला हे इतकं पटलं की मी त्या दिवशी घरी गेल्यावर आईला विचारलं, तुला माझ्याशी बोलताना काय होतं? आई म्हणाली, गप जेव.

मला सरांकडे पहिल्यांदा नेलं ते लपवायला. गोड शब्दात सांगता आलं असतं तर सांगितलं असतं, पण ते लपवणंच होतं.

आमचं घर जळगावचं. बाबांचं पाइप-नळांचं दुकान, आई, धाकटी बहीण आणि मी. मी ऑटिस्टिक आहे. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा माझी पंचविशी उलटली होती, तोपर्यंत घरच्यांची आपापली नावं ठेवून झाली होती. आजी घुमी म्हणायची, काका उद्धट म्हणायचे, बाबा काहीच म्हणायचे नाहीत, नुसते दुकानात निघून जायचे. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. ज्याने हा शब्द काढला त्याला एक दिवस माझ्या कातडीत बसवला पाहिजे. मी कसली स्वतःत मग्न! शेजारच्या कुकरची शिट्टी, पाहुण्यांचं अत्तर, ट्यूबलाइटची घूंघूं, मानेला टोचणारं लेबल, सगळं एकदम माझ्यात घुसतं. स्वतःत मग्न व्हायला जागा मिळेल तर शपथ.

तर घरात कुणाचं लग्न ठरायची वेळ आली की हिचं काय करायचं, हा प्रश्न यायचा. मी पाहुण्यांसमोर कानांवर हात ठेवते. कुणी काही विचारलं तर खरं उत्तर देते. चुलतबहिणीला बघायला आले तेव्हा मुलाची आई म्हणाली, "भाकरी छान झालीय, कुणी केली?" मी म्हणाले, "शेजारच्या मावशींनी. हिला येत नाही." आता यात माझं काय चुकलं? त्यांनीच विचारलं होतं! पण घरात सुतक पडल्यासारखं झालं. माझा मामा धुळ्याला देवपुरात राहतो, सरांचा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "पुढच्या वेळी हिला सरांकडे ठेवू या."

हा काही मामाने लावलेला शोध नव्हता. धुळ्यात आणि आसपासच्या गावांत ही पद्धतच पडून गेली होती. सुरुवात एका मारवाडी दुकानदाराने केली. त्यांच्या मुलाला बँडचा आवाज सोसायचा नाही, बहिणीच्या लग्नात तो मांडव फाडायला निघाला, आणि सरांनी त्याला घरी नेलं. पोरगा दिवसभर शांत बसला. ही बातमी झाली. मग काय, पाहुणे येणार असले, साखरपुडा असला की घरातला 'तसला' माणूस सकाळी सरांकडे, संध्याकाळी परत. सोबत डबा. सर घेऊन ठेवायचे. त्यांना आमची सोबत आवडायची, आणि घरचे आम्हाला लपवतायत हे बरेच दिवस त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना वाटायचं, लोक आपल्याकडे पाहुणे पाठवतायत!

सरांचं घर मुद्दाम शांत केलेलं होतं. घंटी नव्हती. दाराबाहेर दोरी लोंबायची, ती ओढली की आत खिडकीत लाल फडका हलायचा. ट्यूबलाइट नव्हती. खुर्च्या सगळ्या एका रांगेत, खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे तोंड करून. "समोरासमोर बसून बोलायला आपण काय वकील आहोत?" ते म्हणायचे. त्या रांगेत बसून निंबाकडे बघत मी आयुष्यात पहिल्यांदा लांबलचक बोलले. आणि सर ऐकत होते, कारण मधेच म्हणाले, "थांब, 'तेव्हा' म्हणजे कधी?"

त्यांच्या दुसऱ्या खिशात एक छोटी कात्री असायची, लेबलं कापायला. स्वतःच्या शर्टांची तर कापलेलीच असायची. पण कॉलेजच्या एका समारंभात मोठे पाहुणे भाषण करता करता सारखी मान खाजवत होते. सर उठले, व्यासपीठावर चढले, पाहुण्यांच्या मागे गेले आणि विचारलं, "लेबल टोचतंय का?" पाहुणे माइकवरच म्हणाले, "हो." कच्च करून लेबल कापलं, खिशात टाकलं आणि सर खाली येऊन बसले. प्राचार्यांना घाम फुटला होता म्हणे. पाहुण्यांचं पुढचं भाषण मात्र झकास झालं, असं मामा अजून सांगतो.

माझी नोकरीसुद्धा सरांमुळे. मला लोक विचारायचे, तुला काय आवडतं? मला त्याचं उत्तर येत नाही, फार मोठा प्रश्न आहे तो. सरांनी विचारलं, "तुला काय सोसत नाही?" मी तासभर सांगत होते. मग ते म्हणाले, "म्हणजे तुला केळीच्या टिश्यू कल्चरमध्ये जायला पाहिजे." आता मी जळगावजवळ तशाच एका प्रयोगशाळेत आहे. काचेआड बसायचं, तोंडाला मास्क, हातात चिमटा आणि बारीक सुरी, बाटलीतला केळीचा कोंब कापून दुसऱ्या बाटलीत लावायचा. कुणी बोलत नाही. बोलायला बंदीच आहे! पहिल्या दिवशी मला वाटलं, हे मला पगार कशाचा देतायत?

मग सरांनी स्वतःची जनुकं तपासून घ्यायचं काढलं. थुंकी नळीत भरून कुरिअरने पाठवायची, मग कंपनी अहवाल पाठवते. मी त्या दिवशी तिथेच होते. नळी भरायला थुंकी भरपूर लागते आणि आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. सरांचं तोंड कोरडं पडलेलं. शेवटी शेजारच्या काकू कैरी घेऊन आल्या आणि सरांसमोर बसून चिरायला लागल्या, तिखटमीठ लावून, चवीने. सर टक लावून कैरीकडे बघतायत, नळीत थुंकतायत, आणि काकू म्हणतायत, "आणखी एक चिरू का हो?"

मला वाटलं, हा पण एक कागदाचाच खेळ. तसं नव्हतं. निंबाकडे बघत सरांनी सांगितलं. ते लहानपणापासून असेच, कुणाच्या डोळ्यात न बघणारे, गोंगाटात रडणारे. आमच्यासारखं डॉक्टरांनी त्यांना कधी काही सांगितलं नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं. त्यांचे वडील त्यांच्या आईला म्हणायचे, "तुझ्या माहेरचं खूळ माझ्या घरात आलं." आई हे जन्मभर ऐकत राहिली. मरतानासुद्धा ती सरांना म्हणाली, "माझ्यामुळे रे." सरांना तपासायचं होतं ते एवढंच, की आईचं खरं होतं का.

अहवालात ते नव्हतंच. त्यात होतं की तुमच्या कानातला मळ ओला आहे, तुम्हाला कोथिंबीर आवडत असावी, आणि अमुक कागद तुम्हाला कडू लागणार नाही. सर म्हणाले, "हे मला ठाऊक होतं!" आणि अहवालाची घडी घालायला लागले. घालता घालता म्हणाले, "पण बघ, ही कागद न लागणारी जीभ दोघांनी दिल्याशिवाय होत नाही. एकट्या आईचं काम नाही ते. बापाला कागद कडू लागत असेल, तरी त्याने आपला वाटा दिलेलाच असतो, त्याला पत्ता नसतो." मग लगेच, कारण खोटं त्यांना यायचंच नाही, "पण ते जिभेचं झालं. मेंदूचं इतकं सोपं नाही." मला त्यांचा हात धरावासा वाटला. मी धरला नाही, कारण आम्हा दोघांनाही हात धरलेला सोसत नाही.

आता तो मे महिन्यातला दिवस सांगते. धाकटीला बघायला येणार होते. मुलगा सोनगीरचा, नाव संजू, धुळ्यात नोकरीला, फोटोत हसरा. धाकटीने तो फोटो फोनमध्ये उघडा ठेवूनच आठवडा काढला होता. त्यांना जळगाव लांब पडतं म्हणून कार्यक्रम मामाकडे, देवपुरात. आधी दोन स्थळं माझ्यामुळे गेली होती. बाबा मला सकाळी सरांकडे सोडायला आले. रिक्षातून उतरताना म्हणाले, "हे तिसरं आहे. आज तेवढं सांभाळ." मी म्हटलं, "मी काय सांभाळू? मी तिथे नसणारच आहे." ते त्याच रिक्षात बसून गेले. मला धाकटीचं लग्न व्हायला हवं होतं. आणि मला तिथे असायलाही हवं होतं. हे दोन्ही एकदम होणार नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं होतं.

मी आतल्या खोलीत बसले होते. लाल फडका हलला. बाहेर जीप थांबली होती, आणि एक वयस्क गृहस्थ तिशीच्या एका माणसाला दंडाला धरून आत आणत होते. ते त्याचे वडील आणि त्यांना सगळे आबा म्हणतात हे मला नंतर कळलं.

"सर, दोन-तीन तास भिकनले ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "त्याना भाऊले, संजूले, पोर देखाले जाई राहिनूत. देवपूरमा, पाण्यानी टाकीजवळ. पोर जळगावनी शे, तिना मामाकडे कार्यक्रम शे."

सर म्हणाले, "भिकनले इचारं का?"

"त्याले काय इचारानं!" आबा म्हणाले आणि डबा ठेवून गेले.

भिकनभाऊ तडक कूलरजवळ जाऊन बसला. कूलरच्या गवतातून पाणी ठिबकतं त्याचा आवाज तो कान लावून ऐकत होता. मी बाहेर आले आणि सरांना म्हटलं, "सर, ते माझ्याच मामाच्या घरी गेले. ती जळगावची पोर म्हणजे आमची धाकटी. आणि हा त्या संजूचा भाऊ."

सर हसले. त्यांचं हसणं नुसतं खांद्यांत असायचं, आवाज नाही. "म्हणजे दोन्हीकडच्यांनी आपापला माणूस लपवला," ते म्हणाले, "आणि एकाच घरात!" आणि मग त्यांचे खांदे थांबले. "लपवला," ते परत म्हणाले. मला वाटतं, आपल्या घराचं लोकांनी काय केलंय ते त्यांना त्या क्षणाला कळलं.

मग त्यांनी ते केलं जे आजवर कुणी केलं नव्हतं. विचारलं. आधी भिकनभाऊला, त्याच्या बोलीत, "भिकन, तुले तठे जानं शे का?" भिकनभाऊने कूलरवरचा कान काढला. तो फार कमी बोलतो. म्हणाला, "संजूनं लगीन. माले जानं शे."

"आणि तुला?" सर मला म्हणाले.

"मला जायचंय. पण तिचं मोडेल."

"मोडेल कदाचित. ते मला सांगता येत नाही. ते तिचं आहे. तिला विचारलंस?"

मी धाकटीला फोन लावला. ती आतल्या खोलीत साडीला पिना लावत होती. "ताई, तुला सुट्टी नाही मिळाली ना? आई म्हणाली," ती म्हणाली.

"मी धुळ्यातच आहे. सरांकडे. मला लपवलंय. आणि तुला बघायला आलेल्या मुलाचा भाऊही इथेच लपवलाय."

तिच्या हातातल्या पिना खाली पडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "या तुम्ही. दोघं या."

"मोडलं तर? तुला तो आवडलाय."

"ताई, तू येतेस, की मी येऊ तिकडे अशीच साडीत?" ती रडत होती, पण आवाज रागाचा होता. मला हे असं मिश्रण ओळखता येत नाही, त्या दिवशी आलं.

रिक्षात मधे सर, एकीकडे मी, एकीकडे भिकनभाऊ. पांझरेचा पूल ओलांडला, नदीत पाण्यापेक्षा वाळू जास्त. सरांनी आम्हा दोघांनाही कानात घालायला कापूस दिला. रिक्षावाल्यालाही दिला, त्याने घेतला.

मामाच्या बैठकीत पोहे चालले होते. आम्ही दारात उभे राहिलो आणि एकदम दोन माणसं उठली, इकडून बाबा, तिकडून आबा. दोघांचीही तोंडं उतरलेली. आबा घाईघाईने माझ्या मामाला म्हणाले, "हाऊ... आमना गावना शे." आणि बाबा आबांना म्हणाले, "ही... आमच्या ओळखीची आहे."

ओळखीची. मला ते लागलं. आजही लागतं. लोक म्हणतात आम्हाला भावना कळत नाहीत. मला बाबांच्या हातातल्या बशीतल्या पोह्यांवरचं खोबरंसुद्धा आठवतं.

"ओळखीची तर असणारच," सर म्हणाले. त्यांना यात टोमणा बिलकुल मारायचा नव्हता. त्यांना ते वाक्य खरंच बरोबर वाटलं होतं.

धाकटी ट्रे घेऊन आतून आली. तिने ट्रे खाली ठेवला नाही, हातात धरूनच म्हणाली, "ही माझी मोठी बहीण आहे." मग संजू उठला. त्याचे कान लाल झाले होते. "आणि हा माझा मोठा भाऊ," तो म्हणाला, आणि आपली खुर्ची भिकनभाऊला दिली.

सरांनी एक रिकामी खुर्ची उचलली, खिडकीकडे फिरवली आणि सगळ्यांकडे पाठ करून बसले. मग पुडी काढली. पुडी हातोहात फिरली. लग्नाची बोलणी राहिली बाजूला आणि दोन्हीकडची मंडळी जीभ बाहेर काढून बसली. आबा थू थू करत उठले. मामी डोळे मिटून "अगं आई गं" म्हणाली. संजूची आजी म्हणाली, "माले ते काहीच लागत नही." सर म्हणाले, "माले पण नही, माय," आणि आजी उगाचच खूश झाली.

शेवटी संजूच्या आईने विचारलं. तिने भिकनभाऊकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सर, हे... असं असणं, रक्तातून येतं का?"

मला सरांचा स्वभाव ठाऊक होता. ते 'नाही' म्हणाले असते तर सगळं निभावलं असतं. एवढा एकच शब्द.

"येतं," सर म्हणाले. "बरंचसं येतं. मी पण असाच आहे. हिच्याइतकाच."

माझ्या आईने डोक्याला हात लावला. सर खिडकीबाहेरच बघत होते. "इथे काळा मसाला घरी कोण करतं?" त्यांनी विचारलं. कुणालाच कळेना हे काय. आई हळूच म्हणाली, "मी करते."

"किती जिन्नस घालता?"

"पंधरा-वीस होतात."

"त्यातला कोणता एक काढला म्हणजे तो काळा मसाला राहणार नाही?"

आईने विचार केला. मसाल्याचं विचारलं की ती विचार करते. "असं एकाने नाही होत, सर. सगळं मिळून होतं. शिवाय भाजण्यावर असतं."

"तसंच आहे हे," सर म्हणाले. "थोडं थोडं प्रत्येकाकडे असतं. तुमच्याकडे, आबांकडे. कुणाच्या वाट्याला काही जास्त येतं, कुणाच्या कमी, आणि भाजण्याचं कुणाच्या हातात नसतं. कधीकधी एखादा जिन्नसच एवढा पडतो की सगळं बदलतं, पण ते कमी. माझी जनुकं मी तपासून घेतली. त्या अहवालात याचं काही नव्हतंच."

"पण येतं कुणाकडून?" आई म्हणाली. हे तिने इतक्या हळू विचारलं की बहुतेकांना ऐकूच गेलं नसेल. माझी आजी तिला काय काय म्हणायची ते मला ठाऊक होतं.

सर पहिल्यांदा वळले. आईच्या पदराच्या काठाकडे बघत म्हणाले, "दोन्हीकडून, वहिनी. कुणी तुम्हाला एकटीला बोलत असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा." आई उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो नळ चालूच होता.

मग मामाने तोंड उघडलं. "सर, स्पष्टच विचारतो. उद्या या दोघांच्या पोटी असं मूल झालं तर?"

"होईल की नाही मला सांगता येणार नाही. कुठलाच अहवाल सांगणार नाही," सर म्हणाले. "झालं तर एकच करा. घरी पाहुणे येणार म्हणून त्याला माझ्याकडे पाठवू नका."

सोनगीरची मंडळी चहा अर्धाच टाकून निघाली. काही ठरलं नाही. आई माझ्याशी बोलायची बंद झाली, बाबा सकाळीच दुकानात जायला लागले. धाकटी तेवढी रोज रात्री माझ्या खोलीत येऊन पाठीला पाठ लावून झोपायची. मी सरांना फोन करून म्हटलं, मोडलं बहुतेक. ते म्हणाले, "मला वाईट वाटतंय. तुला काय वाटतंय?" मी म्हटलं, मला पण वाईट वाटतंय, पण मी तिथे होते.

पाऊस सुरू झाल्यावर एक दिवस संजूने स्वतः धाकटीला फोन केला. म्हणाला, घरात रोज भांडणं चाललीत, पण आजी माझ्या बाजूने आहे. आजीचं घरात चालतं. हिवाळ्यात सोनगीरला लग्न लागलं. सरांनी डीजेवाल्याकडे जाऊन त्याचे भोंगे शेताकडे वळवायला लावले. फोटोत नवरानवरीच्या एका बाजूला भिकनभाऊ आहे, एका बाजूला मी आहे, कानांवर हात ठेवलेली. फोटो चांगला आलाय.

त्या मे महिन्यानंतर सरांनी घरची पद्धत बदलली. जीप येऊन थांबली की दारातच विचारायचे, "त्याला यायचंय का, की तुमच्याकडे पाहुणे आहेत?" पाहुणे म्हटलं की परत पाठवायचे. किती लोक चिडले! म्हातारा डोक्यावर पडला म्हणाले. पण आमच्यातले कितीतरी जण मग आपणहून रविवारी यायला लागले. कुणी बोदवडहून रेल्वेने, कुणी पहूरहून एसटीने. रांगेत खुर्च्या, समोर निंब, कुणी बोलतंय, कुणी नाही. मीही जात राहिले.

बाबा त्या 'ओळखीची'बद्दल कधी काही बोलले नाहीत. मीही नाही. धाकटीची मुलगी आता चालते, टाचा न टेकवता, चवड्यांवर. "मावशीवर गेली," माझी आजी परवा म्हणाली, आणि आई म्हणाली, "गेली तर गेली."

सर गेल्या थंडीत गेले. झोपेत. कॉलेजच्या सभागृहात शोकसभा ठेवली होती. बाबा म्हणाले, मी येतो. मी कारण विचारलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा सभागृह भरत आलं होतं, आणि मला आधी कळेना की काय वेगळं आहे. मग कळलं. सगळे आले होते. मारवाड्यांचा तो बँड न सोसणारा मुलगा, आता पोक्त झालेला. बोदवडची, पहूरची माणसं. कुणी पुढेमागे झुलतंय, कुणी कानांत बोटं घालून बसलंय, कुणी मोठ्याने एकच शब्द म्हणतंय. आणि शेजारी त्यांचे आईबाप, भाऊ, वहिन्या. एकेकाला लपवून ठेवलं तेव्हा एवढे आहोत हे धुळ्यात कुणाला कुठे ठाऊक होतं? मलाही नव्हतं.

खुर्च्या व्यासपीठाकडे तोंड करून मांडल्या होत्या. सरांचा हार घातलेला फोटो तिथे होता. भाषण सुरू झालं. तेवढ्यात भिकनभाऊ उठला, त्याने आपली खुर्ची उचलली आणि खिडकीकडे फिरवली. बाहेर कॉलेजचा निंब आहे. मग मारवाड्यांच्या मुलाने फिरवली. मग मी. एकेक करत फरशीवर खुर्च्या सरकायला लागल्या. बोलणारे प्राध्यापक थोडे थांबले आणि मग बोलत राहिले.

सरांचा पुण्याचा पुतण्या चहा घेऊन रांगेतून फिरत होता. त्याला कुणीच ओळखीचं नव्हतं. तो बाबांसमोर थांबला आणि म्हणाला, "आपण सरांचे कोण?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"मी हिचा बाप," ते म्हणाले. मग ते उठले, आपली खुर्ची उचलली आणि माझ्या शेजारी, खिडकीकडे तोंड करून ठेवली.